ड्रायव्हर कुठून घ्यायचा? एका छोट्या मुक्त साधनाच्या निमित्ताने

(पिंपरीत तरुणांच्या रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, आयोजकांनी मला 'आयटीतल्या संधी' असा विषय दिला होता. तो मी त्यांच्या परवानगीने बदलून घेतला. संधी, करिअर, पॅकेज यावर बोलणारी माणसं तुम्हाला मोबाईलवर रोज भेटतात. मी आज एका छोट्या प्रोग्रामवर बोलणार आहे. त्याचं काम एवढंच आहे की, तुमच्या कॉम्प्युटरमधल्या एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डासाठी नवा ड्रायव्हर आला आहे का ते बघायचं, आला असेल तर सांगायचं आणि तुम्ही हो म्हणालात तर आणून बसवायचा. नाव 'टायनी एनव्हिडिया अपडेट चेकर'. फुकट आहे आणि मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो.

एवढ्याशा गोष्टीवर अर्धा तास कशाला, असं वाटेल. या गोष्टीचा धागा धरला की तीन प्रश्न हाताला लागतात. आपण आपल्या मशीनमध्ये जे टाकतो ते कुणाच्या भरवशावर टाकतो? मशीन जुनं झालं हे कोण ठरवतं? आणि आपण नुसते वापरणारे राहणार की बनवणाऱ्यांच्या बाकावरही बसणार? तिन्ही प्रश्न तुमच्या कामाचे आहेत, म्हणून हा विषय.

भोसरीत ग्राफिक्स कार्ड कशाला लागतं

ग्राफिक्स कार्ड म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे गेम येतो. उरलेल्यांच्या डोळ्यांपुढे हल्ली एआय येतं. त्यात चूक काही नाही. पुण्यातल्या सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक 2020 मध्ये जगातल्या पहिल्या पाचशेंच्या यादीत 63 व्या क्रमांकावर आला, तो एनव्हिडियाच्याच ए-100 प्रोसेसरांवर चालतो.

पण आपल्या पट्ट्यात ग्राफिक्स कार्डाचा रोजचा उपयोग वेगळाच आहे. टेल्को, बजाज, पुढे चाकणला महिंद्रा, फॉक्सवॅगन, मर्सिडीज. या कारखान्यांतल्या प्रत्येक पार्टमागे एक डाय, एक मोल्ड, एक फिक्स्चर असतं. ते भोसरी, चिखली, तळवड्याच्या छोट्या टूलरूममध्ये बनतं. व्हीएमसीवर जॉब चढण्याआधी तो स्क्रीनवर त्रिमितीत काढावा लागतो. दोन-तीनशे पार्टची असेंब्ली माऊसने फिरवली की प्रत्येक कोपरा, प्रत्येक गोलाई सेकंदाला अनेक वेळा नव्याने रंगवायची असते. ते काम ग्राफिक्स कार्ड करतं.

आणि या खुर्चीवर कोण बसतं? डिप्लोमा केलेली, आयटीआयनंतर कॅडचा कोर्स केलेली पोरं, आणि आता मुलीही. या हॉलमध्येही तसे बरेच जण असतील. छोट्या टूलरूमचा मालक नवीन वर्कस्टेशन घेत नाही. मोठ्या कंपनीने चार-पाच वर्षं वापरून काढून टाकलेलं रिफर्बिश्ड मशीन घेतो. आत क्वाड्रो के-620 किंवा पी-620 असं जुनं कार्ड असतं. मशीन येतं, चालू होतं, आणि मग एके दिवशी असेंब्ली फिरवताना स्क्रीन काळी होते. दोन सेकंदांनी परत येते आणि खाली संदेश येतो की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, तो आता पुन्हा चालू झाला आहे. त्यावर ऑफिसमधलं कुणीतरी म्हणतं, ड्रायव्हर अपडेट कर. इथून आपला विषय सुरू होतो.

ड्रायव्हर म्हणजे काय

ड्रायव्हर हा दुभाषी आहे. कार्डाला त्याची स्वतःची भाषा कळते, विंडोजला आणि तुमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरला ती येत नाही. सॉफ्टवेअर म्हणतं, हा त्रिकोण इथे काढ. ड्रायव्हर ते कार्डाला कळेल अशा हुकमांत बदलतो. कार्डाकडून दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर विंडोज समजते की ते अडकलं, आणि त्याला नव्याने सुरू करते. वर सांगितलेले दोन सेकंद ते हेच.

हा दुभाषी साधा प्रोग्राम नाही. त्याचा एक भाग कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसतो. तिथून त्याला सगळी मेमरी दिसते, सगळं हार्डवेअर हाताशी असतं. तिथे चूक झाली तर एक खिडकी बंद पडून भागत नाही, सगळं मशीन पडतं. 19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने आपल्या कर्नलमधल्या भागासाठी एक सदोष अपडेट पाठवलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडच्या विमानतळांवर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. एका फाइलमुळे.

म्हणून ड्रायव्हर बसवणं म्हणजे घराची किल्ली देणं आहे. किल्ली देऊ नये असं मी म्हणत नाही. ती कुणाला दिली हे माहीत असावं, एवढंच.

नवा ड्रायव्हर नेहमी चांगलाच असतो का

नाही. मार्च 2010 मध्ये एनव्हिडियाने 196.75 हा ड्रायव्हर काढला. त्यात पंख्याच्या नियंत्रणात दोष होता, कार्डं तापायला लागली आणि कंपनीला तो मागे घ्यावा लागला. म्हणजे अधिकृत जागेवरून, अधिकृत कंपनीचा, ताजा ड्रायव्हर, आणि तरीही घोटाळा.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भोकं सापडत राहतात. एनव्हिडिया ठरावीक काळाने त्यांची यादी जाहीर करते आणि दुरुस्त आवृत्ती देते. ज्या मशीनवर इंटरनेट आहे, बाहेरून आलेल्या फाइल उघडतात, तिथे तीन-चार वर्षं जुना ड्रायव्हर ठेवणं धोक्याचं आहे.

मग करायचं काय? कामाच्या मशीनसाठी मी तीन नियम सांगतो. पहिला: सॉलिडवर्क्स, एनएक्स, कॅटिया अशा सॉफ्टवेअरच्या कंपन्या कुठल्या कार्डावर कुठला ड्रायव्हर तपासून पाहिला आहे याची यादी देतात. आधी ती यादी बघायची. दुसरा: एनव्हिडियाच्या साध्या जीफोर्स कार्डांसाठी दोन प्रकारचे ड्रायव्हर असतात, गेम रेडी आणि स्टुडिओ. काम करणाऱ्याने स्टुडिओ घ्यावा, त्यात घाई कमी आणि तपासणी जास्त असते. तिसरा: डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी काहीही अपडेट करायचं नाही. अपडेट शनिवारी संध्याकाळी, जुन्या ड्रायव्हरची फाइल जपून ठेवून. बिघडलं तर रविवार हातात असतो.

लाल अक्षरातला धाक

आता सर्वांत महत्त्वाची जागा. ड्रायव्हर अपडेट करायचा म्हणून बहुतेक लोक काय करतात? सर्चमध्ये 'फ्री ड्रायव्हर अपडेट' असं टाइप करतात आणि सर्वांत वर जी जाहिरात येते तिच्यावर क्लिक करतात. एक चकचकीत प्रोग्राम उतरतो. तो मशीन तपासल्यासारखं करतो आणि लाल अक्षरांत सांगतो, तुमचे तेवीस ड्रायव्हर कालबाह्य आहेत, मशीन धोक्यात आहे. दुरुस्त करायचं तर पैसे भरा. त्यांतले निम्मे ड्रायव्हर अगदी ठीक असतात. आणि हा प्रोग्राम जाता जाता ब्राउझरचं पहिलं पान बदलतो, दोन-चार पाहुणे बसवून जातो. असे सगळे वाईट असतात असं नाही, पण आत काय आहे हे बघायची सोय नसते आणि धाक दाखवणं हाच त्यांचा धंदा असतो.

दुसरा प्रकार पेन ड्राइव्हवरचा. कुणीतरी कुणाकडून कॉपी केलेलं ड्रायव्हरचं पॅक. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर फिरत राहतं. मूळ कुठलं, मध्ये कुणी काय भरलं, कुणालाच सांगता येत नाही.

'सही असलेला ड्रायव्हर आहे ना, मग काय भीती' असंही कुणी म्हणेल. 64 बिट विंडोज बिनसहीचा कर्नल ड्रायव्हर सहसा घेत नाही, हे खरं. पण 2022 च्या सुरुवातीला लॅप्सस नावाच्या टोळीने एनव्हिडियावर डल्ला मारला आणि कंपनीची सही करायची दोन प्रमाणपत्रं चोरली. त्यांची मुदत संपलेली होती, तरी विंडोज त्या सह्या मानत होती, आणि त्या वापरून सह्या केलेला घातक कोड काही दिवसांतच सापडला. म्हणून सही बघायची, आणि फाइल कुठून आली तेही बघायचं. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. तीस सेकंदांचं काम आहे.

छोटं साधन काय करतं

आता आपल्या छोट्या प्रोग्रामकडे येऊ. तो सी-शार्प भाषेत लिहिला आहे आणि काळ्या कन्सोलच्या खिडकीत चालतो. दिसायला काहीच नाही. पण पायऱ्या बघा, कारण त्यात शिकण्यासारखं आहे.

पहिली पायरी, कार्ड ओळखणं. संगणकात लावलेल्या प्रत्येक कार्डावर दोन क्रमांक असतात, एक कंपनीचा आणि एक मॉडेलचा. एनव्हिडियाचा क्रमांक 10डीई, एएमडीचा 1002, इंटेलचा 8086. इंटेलच्या क्रमांकाला पाहून जुन्या लोकांना हसू येईल, तो त्यांच्या 1978 च्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा आहे. हे क्रमांक विंडोजला विचारले की सांगते.

दुसरी पायरी, सध्या बसलेला ड्रायव्हर कुठला ते बघणं. इथे एक गंमत आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तुम्हाला आकडा दिसतो 32.0.15.6094. एनव्हिडियाच्या यादीत असा आकडा कुठेच नाही. तुम्ही घाबरता, हा कुठला भलताच ड्रायव्हर? टिंबं काढून शेवटचे पाच अंक घ्या: 56094. शेवटच्या दोन अंकांआधी टिंब द्या: 560.94. हाच एनव्हिडियाचा आकडा. पुढच्या वेळी कुणी अडलं तर ही युक्ती सांगा, तुम्ही लगेच उस्ताद ठराल.

तिसरी पायरी, एनव्हिडियाच्याच सर्व्हरला विचारणं: या कार्डासाठी, या विंडोजसाठी सर्वांत नवा कुठला? चौथी, दोन आकड्यांची तुलना. पाचवी, नवा असेल तर तुम्हाला विचारणं, आणि तुम्ही हो म्हटलं तर एनव्हिडियाकडूनच फाइल उतरवणं. मधल्या कुणाकडून नाही.

सहावी पायरी ऐच्छिक आहे. एनव्हिडियाची फाइल अर्ध्या जीबीहून मोठी असते. त्यात ड्रायव्हरसोबत इतर बऱ्याच गोष्टी येतात. पूर्वी त्यात 'जीफोर्स एक्स्पिरियन्स' असायचं, ज्याला ड्रायव्हर अपडेट करून द्यायलाही आधी खातं उघडून लॉगिन हवं असायचं. हे छोटं साधन 7-झिपसारख्या प्रोग्रामची मदत घेऊन तो गठ्ठा सोडतं आणि फक्त लागणारा ड्रायव्हर बसवतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नोव्हेंबर 2024 मध्ये एनव्हिडियाने जुन्या प्रोग्रामच्या जागी नवं 'एनव्हिडिया ॲप' आणलं आणि त्यात लॉगिनची सक्ती काढली. त्यामुळे घरगुती वापरणाऱ्याला अधिकृत रस्ताही आता बरा झाला आहे. तुम्ही तो वापरलात तरी माझी हरकत नाही. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीचा ड्रायव्हर बघावा, कारण काही मॉडेलमध्ये कंपनीने स्वतःचे बदल केलेले असतात. मी या साधनाची जाहिरात करायला आलेलो नाही. ते मला आवडतं कारण ते एकच काम करतं, तुम्हाला विचारून करतं, आणि कसं करतं ते उघड्यावर ठेवतं.

उघडं काय, बंद काय

या साधनाचा परवाना आहे जीपीएल, तिसरी आवृत्ती. 2007 चा हा परवाना सोप्या मराठीत असा: वापरा, वाचा, बदला, वाटा. फक्त बदलून वाटत असाल तर तुमचा बदललेला कोडही याच अटींवर द्या. गॅरेजमध्ये उस्तादाने शागिर्दाला काम दाखवताना इंजिन उघडून ठेवावं, आणि शागिर्दानेही पुढच्याला तसंच दाखवावं, असा तो करार आहे.

पण नीट लक्षात घ्या. साधन उघडं आहे, ते जो ड्रायव्हर आणतं तो उघडा नाही. विंडोजवरचा एनव्हिडियाचा ड्रायव्हर बंद पेटी आहे. उघड्या गाडीतून बंद पेटी घरी येते. कुणी आणली आणि कुठून आणली हे तुम्हाला कळतं, आत काय आहे हे नाही.

लिनक्सच्या जगात यावर मोठं भांडण झालं. एनव्हिडिया माहिती देत नव्हती म्हणून काही लोकांनी 'नूवो' नावाचा प्रकल्प सुरू केला. कार्डाला काय हुकूम जातात ते बाहेरून निरखायचं आणि त्यावरून स्वतःचा ड्रायव्हर लिहायचा. ही मेहनत वर्षानुवर्षं चालली. 2012 मध्ये लिनस टोरवाल्ड्सने फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात, कॅमेऱ्यासमोर, एनव्हिडियाला बोट दाखवून शिवी घातली. शेवटी मे 2022 मध्ये एनव्हिडियाने आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. तोही 2018 च्या ट्युरिंग आणि त्यानंतरच्या कार्डांसाठीच. वरचा भाग अजून बंद आहे. एएमडीने हा रस्ता आधीच धरला होता. तिने 2007 पासून कार्डांची माहिती द्यायला सुरुवात केली आणि तिचा ड्रायव्हर 2015 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, सर्वांसमोर लिहिला जातो.

मशीन जुनं झालं हे कोण ठरवतं

या भांडणाशी तुमचा संबंध काय? तो पैशाचा आहे.

एनव्हिडियाच्या केप्लर पिढीच्या कार्डांना, म्हणजे जीटी-710 सारख्यांना, नेहमीचे ड्रायव्हर 2021 मध्ये बंद झाले आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या सप्टेंबर 2024 पर्यंत मिळाल्या. पुढचा नंबर मॅक्सवेल आणि पास्कलचा. जीटीएक्स-750टीआय, 1050टीआय, 1060 ही कार्डं तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी आहेत? त्यांचे नेहमीचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 मध्ये थांबले. ऑक्टोबर 2028 पर्यंत तीन महिन्यांनी सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या मिळतील. त्याच महिन्यात, 14 ऑक्टोबर 2025 ला, विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे चांगलं चालणारं मशीन, कार्ड धड, प्रोसेसर धड, आणि तरीही ते कागदावर म्हातारं.

आपल्या घरांत बघा. गॅरेज, फ्रिज-एसीची दुरुस्ती, वेल्डिंग, मोटर वायंडिंग, भंगार. आपल्या वडील-चाचांच्या पिढीने वस्तूचं आयुष्य वाढवून संसार केले. एखादं इंजिन कामातून गेलं हे कंपनीच्या कॅलेंडरवरून त्यांनी कधी ठरवलं नाही, उघडून बघून ठरवलं. सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघायचा हक्क कोड उघडा असेल तरच मिळतो. 2012 साली आलेल्या एएमडीच्या कार्डांना लिनक्समध्ये अजून दुरुस्त्या मिळतात, कारण कंपनीने लक्ष काढलं तरी दुसऱ्या कुणाला तिथे काम करता येतं. नूवोमुळे एनव्हिडियाची जुनी कार्डंही लिनक्सवर निदान चालतात, पण त्यांतल्या पुष्कळांचा वेग वाढवता येत नाही. माहिती दडवली की काय होतं त्याचं हे उदाहरण.

यावरून 'सगळे लिनक्सवर या' असं मी म्हणणार नाही. सॉलिडवर्क्स लिनक्सवर चालत नाही आणि टूलरूमचा मालक तुमच्यासाठी सॉफ्टवेअर बदलणार नाही. पण घरातला जुना कॉम्प्युटर, ज्यावर धाकट्या बहिणीला प्रोग्रामिंग शिकायचं आहे, तो फेकू नका. त्यावर उबुंटू टाका. ड्रायव्हरसाठी तिथे 'उबुंटू-ड्रायव्हर्स' नावाचं असंच एक छोटं साधन सोबतच येतं. कार्ड ओळखतं, योग्य ड्रायव्हर सुचवतं, बसवतं. कॅड शिकायचं असेल तर फ्रीकॅड आहे, त्याची 1.0 आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये आली. नोकरीवर वेगळं सॉफ्टवेअर असेल, पण स्केच, एक्सट्रूड, असेंब्लीची समज हातातून जात नाही.

एका माणसाच्या खांद्यावर

मुक्त स्रोताची फक्त स्तुती करणं बरोबर नाही. असली छोटी साधनं बहुतेक वेळा एकदोन माणसं, नोकरी-शिक्षण सांभाळून, रात्री चालवतात. कंपनीने सर्व्हरची रचना बदलली की साधन बंद पडतं आणि शेकडो लोक तक्रार करतात. मदत करणारे मोजके असतात.

त्यातून काय होऊ शकतं हे मार्च 2024 मध्ये दिसलं. एक्सझेड नावाचा फाइल दाबून लहान करणारा प्रकल्प एकच थकलेला माणूस सांभाळत होता. 'जिया टॅन' नावाने कुणीतरी दोन-अडीच वर्षं मदत करून त्याचा विश्वास कमावला, अधिकार मिळवले आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. तो सापडला आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला. रिमोट लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्याला खटकलं आणि त्याने मागोवा काढला. कोड उघडा होता म्हणून तो मुळापर्यंत जाऊ शकला. पण कोड उघडा असणं पुरत नाही, तो वाचणारा कुणीतरी लागतो.

तुम्ही आत कसे याल

पहिली पायरी कोड लिहिण्याची नाही. पहिली पायरी नीट तक्रार लिहिण्याची आहे. गाडी घेऊन गॅरेजला जाणारी दोन गिऱ्हाइकं असतात. एक म्हणतं, 'गाडी चालत नाही.' दुसरं म्हणतं, 'तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर, इंजिन गरम झाल्यावर झटके देते.' मिस्त्री कुणाचं काम आधी करेल? साधन तुमच्या कार्डावर चाललं नाही तर लिहा: कार्डाचं मॉडेल, विंडोजची आवृत्ती, आधीच्या ड्रायव्हरचा आकडा, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. टूलरूममधल्या विचित्र जुन्या कार्डांवर चाचणी करून असं लिहिणारं माणूस त्या प्रकल्पाला सहसा मिळत नाही. ते तुमच्याकडे आहे.

दुसरी पायरी मराठीची. कुठल्याही साधनाची माहिती, सूचना, चुकांचे संदेश मराठीत करता येतात. फायरफॉक्स मराठीत आहे, ते स्वयंसेवकांच्या कामामुळे. लिनक्सवर देवनागरी नीट दिसावी म्हणून जे 'लोहित' फाँट आले ते रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिले आणि त्यांवर तिच्या पुण्यातल्या इंजिनिअरांनी काम केलं. ज्याला शुद्ध आणि सोपं मराठी लिहिता येतं त्याच्यासाठी हे काम उघडं आहे, त्याला सी-शार्प यावं लागत नाही.

तिसरी पायरी, कोड वाचणं. मोठा प्रकल्प उघडला तर छाती दडपते. छोटं साधन यासाठीच चांगलं. आवृत्त्यांची तुलना कशी केली आहे तेवढंच शोधा. अक्षरं म्हणून तुलना केली तर '9.9' हे '9.10' पेक्षा मोठं ठरतं, आवृत्ती म्हणून केली तर लहान. यात कित्येक प्रोग्राम फसले आहेत. अशी एक गोष्ट समजली की कॉलेजच्या एका सेमिस्टरएवढं शिकलात. मग चौथी पायरी, छोटी दुरुस्ती पाठवणं.

याने नोकरी मिळेल का? काही जण मला हे नक्की विचारणार. माझ्या टीमसाठी मुलाखती घेताना मी उमेदवाराचं असं उघडं काम आवर्जून बघतो. गुणपत्रिकेपेक्षा त्यातून जास्त कळतं: हा माणूस प्रश्न कसा मांडतो, कुणी चूक दाखवली तर कसा बोलतो. नाव-आडनाव बघून अर्ज बाजूला पडतात अशी तक्रार आपल्यातले बरेच जण करतात, आणि ती हवेतून आलेली नाही. गिटहबवर दोन दुरुस्त्या केल्याने ती भिंत पडत नाही. तिच्याविरुद्धचं काम वेगळं आहे आणि ते तुम्ही मंडळी करताच आहात. पण तारीख-वारासकट, जगाला दिसेल असं केलेलं काम तुमच्या नावावर राहतं आणि ते कुणाला पुसता येत नाही. ज्याच्या ओळखीपाळखी नाहीत, त्याच्यासाठी ही मोठी पुंजी आहे.

मुलींना वेगळं सांगतो. घरात एकच लॅपटॉप असतो आणि तो आधी भावाकडे जातो. भावांनो, हे तुम्हीच बदलायचं आहे. वेळ वाटून घ्या. या कामाला ऑफिसला जावं लागत नाही, रात्रपाळी लागत नाही, ते घरी बसून जगासोबत करता येतं. ही सोय आहे. मात्र त्याचा अर्थ मुलींनी घरातच बसावं असा कुणी काढू नये.

पुढच्या रविवारसाठी

शेवटी एक ठरावीक काम. पुढच्या रविवारी इथेच दुपारी बसू. तीन-चार जणांनी जुनी मशीनं आणा, शक्य असेल तर वेगवेगळ्या कार्डांची. आपण एक वही करू: मशीन कुणाचं, कार्ड कुठलं, ड्रायव्हरचा आकडा कुठला, तो कुठून आला, सही कुणाची. ज्यांच्या मशीनवर लाल अक्षरांतला धाक दाखवणारे प्रोग्राम आहेत ते काढू. ज्यांचं विंडोज संपलं आहे त्यांच्यासाठी उबुंटूची पेन ड्राइव्ह मी आणतो. आधी प्रत्येकाने आपल्या फाइलचा बॅकअप घ्यावा, तो नसेल तर मशीनला हात लावणार नाही.

आणि जिथे आपलं छोटं साधन अडेल, तिथे तिथल्या तिथे तक्रार लिहायची, इंग्रजीत, सगळे मिळून. वाक्य तुटकं असलं तरी चालेल, आकडे बरोबर हवेत. ती पाठवल्यावर आठ-पंधरा दिवसांत कुणाचं उत्तर येतं का ते बघू. उत्तर आलं तर पुढची पायरी, नाही आलं तर कोड उघडून आपणच शोधू.

आता प्रश्न विचारा. ड्रायव्हरबद्दलचे आधी घेऊ, पगाराबद्दलचे नंतर.